उंचावरची शिकार : देहाची तयारी आणि पाठीवरचे ओझे



शिकार हा विषय नागपूरकराला परका नाही. आपल्या उत्तरेला सातपुड्याचे जे रान पसरले आहे, त्याचे वर्णन करणारा कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे अनेक वर्षे मध्य प्रांतात येणारा बंदूकधारी साहेब तो वाचूनच येत असे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला. त्या कायद्यापासून बंदुकीची शिकार संपत गेली आणि ती संपली हे चांगलेच झाले. परंतु शिकारीत बंदूक चालवणे हा शेवटचा अर्धा क्षण असे. त्याआधीचे सारे, म्हणजे माग काढणे, वारा ओळखणे, तासन्‌तास चढणे आणि त्याहून अधिक वेळ दगडासारखे बसून राहणे, हे कायद्याने कोणाकडून हिरावून घेतलेले नाही. आज बंदुकीच्या जागी दुर्बीण आणि कॅमेरा आला आहे, एवढेच.

या नव्या शिकारीचे सर्वांत अवघड क्षेत्र म्हणजे हिमालयापलीकडचा कोरडा, थंड प्रदेश : हिमाचलातील स्पिती आणि लडाख. तेथील कड्यांवर भरल नावाची रानमेंढी चरते आणि तिच्या मागावर हिमबिबट्या असतो. देशभर झालेल्या पहिल्या हिमबिबट्या-गणनेचा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत, आणि त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये. ताडोबा-पेंचचा वाघ पाहून झालेली आपल्याकडची हौशी मंडळी आता या प्राण्याकडे वळू लागली आहेत. ताडोबात आपण जिप्सीत बसतो आणि वाघ रस्त्यावर येतो. तेथे मात्र आपल्यालाच चढावे लागते, आणि तेही अशा हवेत की जिची आपल्या छातीला जन्मात कधी ओळख नसते. म्हणून आजचा विषय : ही तयारी नागपुरात बसून किती होते, आणि किती होत नाही?

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे विवेचन समजायला सोपे जाईल. तयारी दोन प्रकारची आहे. एक पायांची, दमाची आणि सामानाची. ही येथेच करायची असते आणि येथेच होते. दुसरी रक्ताची आणि श्वासाची. ही फक्त डोंगरावर, फक्त दिवस खर्च करून होते. पहिलीच्या जोरावर दुसरी टाळता येईल, असा जो समज आहे, तो माणसे मारतो.

हा समज खोटा का, ते थोडे पाहू. ‘वर प्राणवायू कमी असतो’ असे आपण म्हणतो. वास्तविक हवेतील प्राणवायूचे प्रमाण येथे आणि तेथे सारखेच, शेकड्याला सुमारे २१ असते. कमी होतो तो हवेचा दाब. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, तर लेह शहर साडेतीन हजार मीटर. लेहमध्ये हवेचा दाब नागपूरच्या जेमतेम दोनतृतीयांश राहतो. म्हणजे तेथे घेतलेल्या प्रत्येक तीन श्वासांचा लाभ येथल्या दोन श्वासांइतका. साडेपाच हजार मीटरवर तर दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. शरीर हा तोटा भरून काढते, पण आपल्या गतीने. आधी श्वास जलद होतो. त्यामुळे रक्ताचा रासायनिक तोल बिघडतो, तो मूत्रपिंडे दोनचार दिवसांत सावरून घेतात. रक्तातील तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. या कामात मांड्यांच्या बळाचा काडीइतका उपयोग नाही. मूत्रपिंडाला व्यायामाने घाई करता येत नाही.

याचा धडा आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन घेतला. १९६२ च्या युद्धाच्या वेळी आणि त्यानंतर सपाटीवरचे जवान विमानाने झपाट्याने उंचावर पाठवावे लागले. त्यांच्यात जे आजार उद्भवले त्यांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १,९२५ जवानांच्या निरीक्षणांवरचा त्यांचा प्रबंध १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर आधारभूत ठरला. हे रुग्ण कोण होते? कवायतीत तयार झालेले सैनिक. त्यांच्यापुढे आपली पहाटेची प्रभातफेरी ती काय! आज भारतीय सैन्यात तंदुरुस्त जवानालाही साधारण २,७०० ते ३,६०० मीटरवर सहा दिवस, त्यापुढे ४,५०० पर्यंत चार दिवस आणि त्याहून वर जायचे तर आणखी चार दिवस सरावासाठी ठेवतात. जो नियम सैनिकाला आहे, तो सुट्टीचे आठ दिवस घेऊन निघालेल्या बँकेतल्या कारकुनाला नको, असे कसे म्हणता येईल?

प्रत्यक्षात होते काय? काल संध्याकाळी नागपुरात असलेला गृहस्थ दिल्लीहून विमान पकडून आज सकाळी लेहला उतरतो. पहिल्या दिवशी त्याला फार छान वाटते. हवा स्वच्छ, आकाश गडद निळे. तो बाजारात भटकतो. रात्री डोके दुखू लागते, अन्न नकोसे होते, झोप येत नाही. हा झाला उंचीचा साधा आजार. येथे थांबले, पाणी प्यायले, विश्रांती घेतली, तर बहुधा एकदोन दिवसांत उतार पडतो. पण तरुण माणूस, विशेषतः चारचौघांत, डोकेदुखी लपवतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी वर जातो. मग दोहोंपैकी एक संकट येऊ शकते. एकात फुप्फुसांत पाणी साचते : बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, पुढे गुलाबी फेस पडतो. दुसऱ्यात मेंदूला सूज येते : माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगावे. ते जमले नाही तर वाद घालू नये. दोन्हींवर पहिला उपाय एकच, आणि तो म्हणजे खाली उतरणे. रात्र असो, बर्फ असो, खाली उतरणे. प्राणवायूची नळकांडी आणि औषधे यांनी वेळ मिळतो. उतरण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

म्हणून मार्गाची आखणी हीच पहिली तयारी. सर्वमान्य नियम असा की तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि तीनचार दिवसांनी एक दिवस त्याच जागी राहावे. दिवसा वर चढून यावे, झोपायला खाली यावे. स्पितीतील किब्बर हे गाव हिमबिबट्यासाठी प्रसिद्ध आहे. ते ४,२०० मीटरच्या आसपास आहे. फेब्रुवारीत मनालीकडून जाणारी कुंझुम खिंडीची वाट बर्फाने बंद असते, तेव्हा सिमला-किन्नौरच्या वाटेनेच जावे लागते, आणि ही सक्ती आपल्या फायद्याची आहे. नागपूरहून दिल्लीमार्गे सिमला (सुमारे २,२०० मीटर), मग कल्पा (२,९००) येथे दोन मुक्काम, पुढे ताबो (३,२८०), पुढे काझा (३,६५०) येथे तीन मुक्काम आणि मगच किब्बर. आठवडा गेला म्हणून हळहळू नये. त्या आठवड्यात आपले शरीर काम करीतच असते. ज्याच्याकडे एवढे दिवस नाहीत, त्याने पुढच्या वर्षी जावे.

वाट ठरली. आता देहाकडे वळू. आरंभ वैद्यकीय तपासणीने करावा. चाळिशीपुढच्यांनी हृदय आणि रक्तदाब, मधुमेह्यांनी साखर, आणि सर्वांनी, विशेषतः स्त्रियांनी, रक्तातील हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. विदर्भातील माणसाने आणखी एक तपासणी करायलाच हवी, ती सिकलसेलची. आपल्या भागातील अनेक समाजांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याला ते ठाऊक असते, आणि त्याने या उंचीचा विचार डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. पण जो केवळ वाहक आहे, तो येथे ठणठणीत असतो, आणि अनेकदा त्याला याची कल्पनाही नसते. अशा माणसाच्या प्लीहेला उंचावरच्या विरळ हवेत इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली एकाएकी तीव्र कळ येते आणि बरोबरचे लोक तिला वायूची कळ समजतात. रक्ताची एक साधी तपासणी ही गोष्ट आधी सांगून देते. उंचीच्या आजारावर प्रतिबंधक म्हणून दिली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळीही याच भेटीत डॉक्टरांना विचारावी. सल्फा औषधे ज्याला सोसत नाहीत त्याने हे आवर्जून सांगावे. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेतली, असे करू नये.

व्यायामाचा काळ नागपूरच्या हवामानानेच ठरवून दिला आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस निघायचे तर दिवाळीचा फराळ संपला की आरंभ करावा. हाताशी चौदा-पंधरा आठवडे राहतात आणि थंडीचे दिवस असतात. पहिला महिना केवळ चालणे : आठवड्यातून पाच दिवस, तासभर, फुटाळा किंवा अंबाझरीच्या काठाने. गती अशी ठेवावी की सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. हृदयाचा पाया या संथ, लांब चालण्यानेच भरतो. धावून घाम काढल्याचे समाधान मिळते. पाया त्याने तितका भरत नाही.

दुसऱ्या महिन्यात चढ. आपले शहर सपाट, हे खरे. पण सेमिनरी हिल्सची चढण आहे, रामटेकच्या गडाच्या पायऱ्या आहेत, आणि काहीच नसेल तर घराचा जिना आहे. एक मजला सुमारे तीन मीटर धरा. चार मजल्यांची इमारत चाळीस वेळा चढलात तर ४८० मीटर झाले. तेवढी चढण डोंगरातल्या एका चांगल्या दिवसाची असते. शेजारी हसतील, त्यांना हसू द्यावे. उतरणेही तितक्याच गांभीर्याने करावे. चढताना दम लागतो, पण मांड्या आणि गुडघे मोडतात ते उतरताना, आणि उतरण्याची सवय उतरूनच होते.

तिसऱ्या महिन्यात पाठीवर ओझे. तीन किलोपासून आरंभ करून दर आठवड्याला किलोभर वाढवीत आठ-दहा किलोपर्यंत जावे. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या भराव्यात. लिटरला किलो, हिशेब सोपा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी वर पोचल्यावर पाणी झाडांना घालावे आणि रिकामे उतरावे. या महिन्यात एकदा चिखलदऱ्याला किंवा पचमढीला जाऊन लागोपाठ दोन दिवस ओझ्यासह चालावे. चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. विदर्भातले हजारो भाविक महादेवाच्या यात्रेला खांद्यावर जड त्रिशूळ घेऊन त्या चढतात. त्यांचे चालणे नीट पाहावे. जुना यात्रेकरू कधी घाई करीत नाही आणि कधी फार वेळ बसतही नाही. एकाच लयीत तो वर पोचतो आणि धावत पुढे गेलेली पोरे त्याला वाटेत भेटतात. डोंगरात चालण्याची सारी विद्या एवढीच आहे. निघण्याआधीचा आठवडा मात्र हलके चालावे. थकलेला देह घेऊन गाडीत बसू नये.

आता सामान. येथे शिकाऱ्याची गरज साध्या गिर्यारोहकाहून वेगळी आहे, आणि ती न समजल्यामुळे पुष्कळ फजिती होते. गिर्यारोहक चालत राहतो, म्हणून ऊब टिकते. शिकारी तासभर चढतो आणि मग चार तास निश्चल बसतो. चढताना घाम आला की बसल्यावर तोच घाम अंगावर बर्फासारखा होतो. हिवाळ्यात किब्बरच्या रात्री उणे वीस अंशांपर्यंत जातात, हे ध्यानात घ्यावे. म्हणून पहिला नियम : घाम येऊ देऊ नये. चढायला निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, इतकेच कपडे अंगावर ठेवावेत, आणि थांबताक्षणी, कुडकुडण्याची वाट न पाहता, जाड कपडा चढवावा.

यासाठी एक भलामोठा कोट निरुपयोगी. पातळ थरांची रचना हवी. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा गंजिफ्रॉक. सुती मुळीच नको. उन्हाळ्यात आपल्याला जीवदान देणारे सूत तेथे वैरी होते, कारण ते घाम धरून ठेवते आणि वाळत नाही. त्यावर लोकरी स्वेटर. त्यावर वारा अडवणारे पातळ जाकीट. आणि बसण्याच्या वेळेसाठी पिसांचे जाकीट, ते सॅकच्या तोंडाशीच ठेवावे. हातमोजे दोन : आतला पातळ, ज्याने दुर्बिणीचे चाक फिरवता येते, आणि वरचा जाड. कानटोपी तर हवीच. बसायला फोमची एक वीतभर घडी होणारी चटई घ्यावी. थंडी वाऱ्याइतकीच खालच्या दगडातून चढते. बूट अर्धा अंक मोठे घेऊन दिवाळीनंतरचे सारे चालणे त्यांतच करावे. नवा बूट घेऊन डोंगरावर जाणारा माणूस फोड घेऊन परत येतो. काळा चष्मा शोभेसाठी नसतो. ताजा बर्फ अतिनील किरणांचा बहुतेक भाग परत डोळ्यांवर फेकतो, आणि एका दिवसात डोळे मिटून बसण्याची पाळी येऊ शकते.

लहान गोष्टीही सांगून ठेवतो. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवावी. पाणी वरून गोठते, म्हणून उलट्या बाटलीचे तोंड मोकळे राहते. कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवाव्यात, थंडीत त्या लवकर मान टाकतात. खाण्यासाठी गूळ-शेंगदाण्याचे आणि डिंकाचे लाडू, चिवडा, सातूचे पीठ. उंचावर भूक मरते, म्हणून ज्याची चव ओळखीची आहे तेच घशाखाली उतरते. दारू आणि झोपेच्या गोळ्या घरी ठेवाव्यात. दोन्ही श्वास मंद करतात, आणि तेथे श्वास हेच भांडवल आहे.

सॅक भरताना झोपायची पिशवी तळाशी, जड वस्तू पाठीच्या कण्यालगत आणि खांद्यांच्या मध्यावर, लागणाऱ्या वस्तू वर. कमरेचा पट्टा आधी आवळावा, मग खांद्यांचे. भार कमरेच्या हाडांवर पडला पाहिजे. निघण्याच्या आठवडाभर आधी सारे सामान सतरंजीवर मांडावे आणि तीन ढीग करावेत : रोज लागणारे, जीव वाचवणारे आणि ‘असू द्यावे’ म्हणून घेतलेले. तिसरा ढीग कपाटात परत जाईल. मग भरलेली सॅक रद्दीवाल्याच्या काट्याला अडकवावी. मुक्कामाचे सारे सामान बारा-तेरा किलो आणि रोज पाठीवर न्यायचे सहा-सात किलो, याहून काटा पुढे गेला तर पुन्हा सतरंजी पसरावी. एरिक शिप्टन आणि एच. डब्ल्यू. टिलमन हे दोघे १९३४ साली केवळ तीन शेर्पा सोबत घेऊन ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या आतल्या खोऱ्यात पोचले. त्यापूर्वी कोणालाच ते साधले नव्हते. त्यांच्या यशात हलक्या ओझ्याचा वाटा मोठा होता.

शेवटी शिकारीच्या रीतीविषयी दोन शब्द. ऊन तापले की डोंगरातला वारा उताराने वर चढतो आणि सायंकाळनंतर खाली वाहतो. भरलाला वास लवकर येतो. ती धोका खालून येईल असे धरून चालते, म्हणून जुने शिकारी तिच्या वर चढून मग खाली पाहत. आपल्याला मात्र जवळ जायचेच नाही. दूर बसावे आणि तेथल्या गावच्या वाटाड्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा. त्याला कड्यावरच्या राखाडी दगडांतला कोणता दगड शेपूट हलवतो, ते कळते. हिवाळ्यात उपासमारीशी झुंजणाऱ्या प्राण्याला आपल्यामुळे एक धाव जरी उगीच मारावी लागली, तर ती बंदुकीहून फार वेगळी नव्हे.

आणि दर्शन झाले नाही तर? १९७३ साली प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्याबरोबर पीटर मॅथिसन हे लेखक नेपाळातील डोल्पोपर्यंत पायी गेले. शॅलर यांना भरलांचा अभ्यास करायचा होता. मॅथिसन यांना त्या साऱ्या प्रवासात हिमबिबट्या दिसला नाही. पाच वर्षांनी त्यांनी त्या प्रवासावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याला नाव मात्र त्याच न दिसलेल्या प्राण्याचे दिले. ही गोष्ट निघण्यापूर्वी घरी सर्वांना सांगून ठेवावी. कारण ‘एवढे पैसे खर्चून आलो, आता पाहिल्यावाचून कसे परतू’ हा विचारच डोके दुखत असलेल्या माणसाला आणखी पाचशे मीटर वर नेतो. आपल्या मंडळीत जो सर्वांत मागे चालतो, ज्याचे डोके आज दुखते आहे, त्याच्या चालीने सर्वांनी चालायचे आणि तो ‘उतरू या’ म्हणाला की कारण न विचारता उतरायचे, एवढा एक ठराव नागपूर स्थानकावर गाडीत बसण्याआधी एकमताने मंजूर करावा. बाकीची तयारी कमी पडली तर भागते. हा ठराव नसेल तर भागत नाही.